रेघ कुठे मारायची? हर-2 जनुकाची चाळीस वर्षे

25 सप्टेंबर 1998 या दिवशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एकाच वेळी दोन गोष्टींना परवानगी दिली. एक होते जेनेन्टेक कंपनीचे हर्सेप्टिन, म्हणजे ट्रास्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरवरचे औषध. दुसरी होती डॅको कंपनीची हर्सेपटेस्ट, म्हणजे गाठीच्या कापावर रंग चढवून त्या बाईला हे औषध द्यायचे की नाही हे सांगणारी तपासणी. औषधावर पुढे पुस्तक निघाले, चित्रपट निघाला. तपासणीचे नाव मात्र कॅन्सरचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. इतिहासाने केलेली ही वाटणी चुकीची आहे, असे मला वाटते. हर-2 हे जनुक सापडले म्हणून औषधाचे लक्ष्य बनले, असे सहसा सांगितले जाते. घटनाक्रम नीट लावून पाहिला तर वेगळेच दिसते: ते जनुक कोणाच्या गाठीत किती आहे हे मोजता आले, तेव्हाच ते लक्ष्य बनले. मोजणी चुकली तेव्हा चांगले औषधही निष्फळ वाटले, आणि मोजणीची रेघ सरकली तेव्हा त्याच जनुकाचा अर्थ बदलला. ट्रास्टुझुमॅबच्या यशाचे निम्मे श्रेय मोजपट्टीचे आहे, आणि हे न ओळखल्याचा फटका आजही रुग्णांना बसतो.

सुरुवात कोंबड्या आणि उंदरांपासून होते. 1976 साली मायकल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूतले जनुक मुळात कोंबडीच्याच पेशीतून उचललेले आहे. कॅन्सरचे बी बाहेरून येतेच असे नाही, ते आपल्याच पेशीत दबा धरून असते, हा विचार तेव्हापासून रुजला. लगेच अशा जनुकांचा शोध धडाक्याने सुरू झाला. बॉस्टनजवळच्या एमआयटीत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, रसायन टोचून मेंदू व मज्जातंतूंचे कॅन्सर घडवलेल्या उंदरांच्या गाठींतून डीएनए काढून तो निरोगी पेशींत घालण्याचे प्रयोग चालले होते. तिथे मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाढी यांनी 1982 साली सहकाऱ्यांसह दाखवले की हा डीएनए शिरलेल्या पेशींत एक विशिष्ट मोठे प्रथिन दिसू लागते आणि प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, ते ओळखून पकडू शकतात. त्यामागच्या जनुकाला ‘न्यू’ हे नाव पडले. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर होते, त्याचा एक भाग बाहेर आलेला होता. पेशीच्या आत दडलेल्या प्रथिनापर्यंत औषध नेणे कठीण, पण बाहेर डोकावणाऱ्याला पकडणे शक्य. औषधाची दिशा तिथेच दिसत होती. तरीही त्या प्रयोगशाळेत ती वाट कोणी धरली नाही. त्यांना कॅन्सर कसा होतो हे समजून घ्यायचे होते, त्यावर इलाज काढणे हा त्यांचा उद्योगच नव्हता. उंदरातले ते जनुक माणसाच्या नेमक्या कोणत्या कॅन्सरमध्ये वाढलेले असते, हा प्रश्न कोणी विचारल्याशिवाय पुढे जाणे शक्यही नव्हते.

तो प्रश्न तीन वर्षांनी दुसऱ्या टोकाने आला. जेनेन्टेकमध्ये काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ आक्सेल उलरिच पेशींना वाढीचा संदेश पोहोचवणाऱ्या रिसेप्टरांचे जनुक वाचत होते. 1984 साली त्यांनी लंडनच्या मायकल वॉटरफील्ड यांच्या गटासोबत एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर उलगडला. त्याच्याशी जुळणारे दुसरे जनुक 1985 साली हाती लागले, त्याला त्यांनी हर-2 म्हटले. 17 क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे हे जनुक म्हणजे उंदरातल्या न्यूचाच मानवी अवतार निघाला. त्याच वर्षी जपानमधल्या एका गटाला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या एका गटाला हेच जनुक वेगळ्या वाटांनी मिळाले. अमेरिकेतल्या गटाला तर ते स्तनाच्या एका गाठीत अनेक प्रतींत आढळले. म्हणजे 1985 अखेर जनुक हाती होते, प्रथिन माहीत होते, ते पेशीबाहेर डोकावते हेही ठाऊक होते. पण औषधाच्या दृष्टीने यातले काहीच पुरेसे नव्हते. हर-2 प्रत्येकाच्याच पेशीत असते. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात आणि पृष्ठभागावर हजारो रिसेप्टर असतात. सगळ्यांकडेच असलेली गोष्ट कोणाचाही रोग ओळखून देत नाही.

पुढचे पाऊल टाकले ते लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेनिस स्लेमन यांनी. त्यांच्याकडे उलरिचकडे नव्हती अशी एक गोष्ट होती: शस्त्रक्रियेत काढलेल्या खऱ्याखुऱ्या गाठी, गोठवून जपलेल्या. टेक्सासच्या सॅन अँटोनियोतल्या विल्यम मॅग्वायर यांच्याकडच्या गाठींसोबत त्या बायकांचे पुढे काय झाले याची नोंदही होती. जनुक एका बाजूला आणि नोंदवही दुसऱ्या बाजूला, अशी ही गाठ पडली. जानेवारी 1987 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात 189 गाठी तपासलेल्या होत्या. त्यांतल्या सुमारे 30 टक्के गाठींत हर-2 दोनपटीपासून वीसपटीहून अधिक वाढलेले आढळले, आणि ज्यांच्यात ते वाढलेले होते त्या बायकांचा आजार लवकर उलटला, त्या लवकर दगावल्या. बगलेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या बायकांमध्ये हा संबंध विशेष ठळक होता. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत वाढलेल्या हर-2चे प्रमाण 15 ते 20 टक्क्यांच्या घरात स्थिरावले, पण मुद्दा तोच राहिला. एका जनुकाच्या प्रती मोजून बाईचे भवितव्य थोडेफार सांगता येऊ लागले. बायोमार्कर म्हणून हर-2चा जन्म इथला.

हा जन्म सुखरूप झाला नाही. पुढच्या दोन वर्षांत इतर प्रयोगशाळांनी हाच संबंध तपासला. काहींना तो सापडला, काहींना सापडला नाही. स्लेमन यांचा निष्कर्षच चुकीचा, असे म्हणणारे वाढले, आणि त्यांच्या जागी कोणीही असेच म्हटले असते. 1989 साली स्लेमन यांनी पुन्हा ‘सायन्स’मध्येच उत्तर दिले, आणि ते उत्तर या इतिहासातले सर्वांत दुर्लक्षित पान आहे. त्यांनी जुना संबंध नुसता पुन्हा मांडला नाही. एकाच गाठीवर डीएनए, आरएनए, प्रथिन आणि रंगवलेला काप अशा चार पद्धतींनी मोजणी केली आणि मोजणी कुठे कुठे फसते ते दाखवले. गाठ म्हणजे निव्वळ कॅन्सरपेशी नसतात. तिच्यात चरबी असते, तंतू असतात, रक्तातल्या पेशी असतात. सगळी गाठ वाटून डीएनए काढला तर निरोगी पेशींचा डीएनए मिसळून वाढ पातळ दिसते. फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या गाठीत प्रथिन ओळखणे गोठवलेल्या गाठीपेक्षा अवघड जाते. काही वर्षांनी त्यांच्यासोबत काम करणाऱ्या मायकल प्रेस यांनी हर-2 ओळखणारी 28 प्रतिपिंडे मेणातल्या जुन्या गाठींवर पडताळली, तेव्हा त्यांच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. एकच गाठ एका प्रतिपिंडाला होकारार्थी, तर दुसऱ्याला नकारार्थी. वाद जीवशास्त्राचा वाटत होता, मुळात तो मोजपट्टीचा होता. 1988 सालच्या प्रतिकूल निकालांवर विसंबून हा विषय सोडून दिला असता, तर जनुक पुस्तकात राहिले असते आणि औषध निघालेच नसते.

औषधाचा पाया दरम्यान पडत होता. जेनेन्टेकमध्ये उंदराच्या पेशींपासून 4डी5 नावाचे प्रतिपिंड बनवले गेले. 1989 साली दिसले की ते हर-2 वाढलेल्या पेशींची वाढ रोखते आणि न वाढलेल्यांना जवळजवळ हात लावत नाही. पण उंदराचे प्रतिपिंड माणसाला पुन्हा पुन्हा टोचले की शरीर त्यालाच परके समजून बाद करते. 1992 साली पॉल कार्टर आणि सहकाऱ्यांनी त्याचा पकडणारा भाग राखून बाकीचा सांगाडा मानवी केला. याच सुमारास कंपनीच्या आत या प्रकल्पाला विरोध होता. कॅन्सरवरची याआधीची महागडी आशा पुरी झाली नव्हती, आणि मोजक्याच बायकांना चालणारे औषध धंद्याच्या दृष्टीने अरुंद वाटत होते. 1988 साली उलरिच कंपनी सोडून जर्मनीला परतले. प्रकल्प टिकला तो स्लेमन यांच्या चिकाटीने, कंपनीतल्या काही समर्थकांनी आणि रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने विद्यापीठाला दिलेल्या पैशाने. औषध चाचणीत असताना ते मागणाऱ्या स्त्री संघटनांनी डिसेंबर 1994 मध्ये जेनेन्टेकच्या आवारात गाड्यांचे भोंगे वाजवत निदर्शने केली. पुढे याच चळवळीतल्या काही गटांनी चाचणीला रुग्ण मिळवून देण्यात कंपनीला हातभार लावला.

आता मोजणीने औषधाला कसे वाचवले ते आकड्यांतच पाहू. न्यू यॉर्कच्या स्लोन-केटरिंग रुग्णालयात होझे बासेल्गा यांनी हर-2 वाढलेल्या आणि रोग शरीरभर पसरलेल्या 46 बायकांना हे औषध एकट्याने दिले. पाच जणींच्या गाठी लक्षणीय आटल्या. केमोथेरपीचे बरेच उपचार करून झालेल्या बायकांमध्ये हा निकाल उमेद देणारा होता. समजा, निवड न करता स्तनाच्या कॅन्सरच्या कोणाही बाईला घेतले असते, आणि चौघींतल्या एकीतच हर-2 वाढलेले असते, तर तेवढ्याच पाच जणी सुमारे 184 जणींत विखुरल्या असत्या, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. तीन टक्के प्रतिसादाचे औषध कोणत्याही कंपनीने कपाटात टाकले असते. मोठ्या चाचणीचा हिशेब तर याहून बोलका आहे. 469 बायकांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2001 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. नुसती केमोथेरपी घेतलेल्या बायकांत पहिल्या वर्षात 33 टक्के दगावल्या, केमोसोबत ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांत 22 टक्के. मध्यम आयुर्मान 20.3 महिन्यांवरून 25.1 महिन्यांवर गेले. हाच फायदा एकास चार या प्रमाणात पातळ केला, तर अकरा टक्क्यांचा फरक तिनावर येतो, आणि इतका बारीक फरक खात्रीने टिपायला ढोबळ हिशेबाने सोळापट, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास बायका लागल्या असत्या. तेवढी चाचणी 1995 साली कोणी हाती घेतली नसती. त्यातच या औषधाची दुसरी बाजू उघड झाली. अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोसोबत ते दिलेल्या बायकांपैकी 27 टक्के जणींच्या हृदयाच्या कामात बिघाड झाला, तीच केमो एकटी घेतलेल्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. ज्यांना काही लाभ होणार नव्हता अशा तीन चतुर्थांश बायकांनाही हा धोका सोसावा लागला असता. निवड केली नसती तर औषध लंगडे ठरले असतेच, वर धोकादायकही ठरले असते.

यावर एक वाजवी आक्षेप येतो. चांगले औषध असेल तर तपासणी ही फक्त कारकुनी, खरा शोध औषधाचाच, असे कोणी म्हणेल. शिवाय लक्ष्य बघून औषध देण्याची कल्पनाही नवी नव्हती. इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि टॅमॉक्सिफेनची जोडी त्याआधीच रूढ होती. पण तिथे हार्मोनचा परिणाम आधी माहीत होता, रिसेप्टर नंतर सापडला. जॉर्ज बीटसन यांनी 1896 साली अंडाशय काढून स्तनाच्या गाठी आटतात हे नोंदवले होते. हर-2मध्ये जनुक आधी आले आणि परिणाम शोधून काढावा लागला, म्हणून मोजणीवर सगळा भार पडला. हा भार खरा की कल्पित, याची पडताळणी इतिहासाने स्वतःच करून ठेवली आहे. हर-2च्याच कुळातला थोरला भाऊ म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर. त्याच्यावरचे गेफिटिनिब हे फुप्फुसाच्या कॅन्सरचे औषध अमेरिकेने मे 2003 मध्ये कोणतीही निवड-तपासणी न घालता मंजूर केले. काही मोजक्या रुग्णांत गाठी झपाट्याने विरघळत, बाकीच्यांत काहीच होत नसे, आणि फरक का पडतो हे कोणाला सांगता येत नव्हते. 2004 साली बॉस्टनमधल्या दोन गटांना दिसले की ज्यांना गुण येतो त्यांच्या गाठीत या जनुकात विशिष्ट उत्परिवर्तने असतात. पण 2005 साली निवड न केलेल्या रुग्णांवरची मोठी चाचणी आयुर्मानाचा लाभ दाखवू शकली नाही, आणि अमेरिकेत औषधावर निर्बंध आले. 2009 साली पूर्व आशियातल्या 1217 रुग्णांच्या चाचणीने कोडे सोडवले. उत्परिवर्तन असलेल्यांत रोग पुढे सरकण्याचा धोका केमोच्या तुलनेत निम्म्यावर आला. नसलेल्यांत तो जवळजवळ तिप्पट झाला. म्हणजे एकच गोळी एकाला तारक, दुसऱ्याला मारक. औषध तेच, जनुक तेच, मधली सहा वर्षे गेली ती योग्य मोजपट्टी नसल्यामुळे. यात आणखी एक बारकावा आहे. तिथे प्रथिन किती आहे हे मोजून उपयोग नव्हता, जनुकात बदल आहे की नाही हे पाहावे लागले. हर-2मध्ये उलट, जनुकाच्या प्रती आणि प्रथिनाचे प्रमाण हाच मुद्दा होता. कोणत्या जनुकाचे नेमके काय मोजायचे हे त्या जनुकाचे नाव ऐकून कळत नाही. त्यामुळे तपासणी ही कारकुनी नाही, तो संशोधनाचाच अर्धा भाग आहे.

मंजुरीनंतरचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. चाचणीत बायकांची निवड ज्या तपासणीने झाली ती एकाच प्रयोगशाळेत होत असे. बाजारात आलेली हर्सेपटेस्ट तिच्याशी 548 गाठींवर ताडून पाहिली तेव्हा दोघींचे 79 टक्के वेळा जुळले. पाचातल्या एका गाठीबाबत दोन मोजपट्ट्या वेगवेगळे सांगत होत्या, तरी दोघींनाही एकाच औषधाचा दरवाजा मानले गेले. हे काम प्रत्यक्षात कसे होते ते समजले की गोंधळाचे कारण उमगते. मेणात बसवलेल्या गाठीचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात, त्यावर हर-2ला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात आणि ते चिकटले की तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक योजना करतात. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पेशीभोवती पूर्ण, गडद तपकिरी कडे असेल आणि असे कडे पुरेशा पेशींभोवती असेल तर 3+. पुसट कडे असेल तर 2+, तुटक, जेमतेम दिसणारी रेष असेल तर 1+, काही नसेल तर 0. 2+ म्हणजे कुंपणावरचा निकाल, म्हणून तिथे फिश नावाची दुसरी तपासणी करतात. तीत जनुकाच्या प्रती लाल ठिपक्यांनी आणि 17व्या गुणसूत्राचा मध्य हिरव्या ठिपक्यांनी दाखवतात आणि दोहोंचे गुणोत्तर काढतात. गाठ शरीराबाहेर आल्यावर फॉर्मलिनमध्ये किती वेळाने पडली, त्यात किती तास राहिली, प्रतिपिंड कोणते वापरले, पाहणाऱ्याचा सराव किती, या सगळ्यावर निकाल हलतो. हर-2चा रोग सुरुवातीच्या टप्प्यातच थोपवता येतो हे दाखवणाऱ्या चाचण्या 2005 साली प्रसिद्ध झाल्या. अमेरिकेतल्या दोन चाचण्यांच्या एकत्र विश्लेषणात रोग उलटण्याचा धोका 52 टक्क्यांनी घटलेला दिसला. या मोठ्या यशामागचे ओझे याच चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यात उघड झाले होते. स्थानिक प्रयोगशाळांनी होकारार्थी ठरवलेल्या गाठी मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्या तेव्हा एका चाचणीत 18 टक्के, तर दुसरीत सुमारे चौथा हिस्सा जुळला नाही. 2007 साली अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी एकत्र बसून नियम केले, ते हर-2च्या सुमारे 20 टक्के तपासण्या चुकीच्या असू शकतात हे मान्य करूनच.

इथे दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. ही रेघ माणसाने मारलेली आहे, मग तिच्या पलीकडे राहणाऱ्या बाईला औषध नाकारणे अन्यायाचे नाही का? हा प्रश्न कल्पित नव्हता. 2005च्या एका चाचणीतल्या गाठी नंतर मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासताना सुमारे 10 टक्के बायका हर-2 नकारार्थी निघाल्या, म्हणजे चुकून आत शिरलेल्या. आणि या 174 जणींतही ट्रास्टुझुमॅबचा फायदा होत असल्याचे दिसले. 2008 साली हे छापून आले तेव्हा रेघच खोटी असल्याचे अनेकांना वाटले. त्यावर उत्तर देण्याचा एकच प्रामाणिक मार्ग होता. रेघेच्या जरा खाली, 1+ किंवा फिशने नकारार्थी ठरलेल्या 2+ गाठी असलेल्या 3270 बायका घेऊन नवी चाचणी करण्यात आली. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिल्या त्या ट्रास्टुझुमॅब घेतलेल्या 89.8 टक्के आणि न घेतलेल्या 89.2 टक्के. फरक नाहीच. चुकून आत शिरलेल्यांतला लाभ छोट्या गटातल्या योगायोगाचा होता. ट्रास्टुझुमॅबपुरती रेघ खरी ठरली. पण या निकालातून रेघ कायमची दगडावर कोरली गेली, असे समजणारे पुढे पाचच वर्षांत चकले.

जपानच्या दाइइची सांक्योने ट्रास्टुझुमॅबच्या प्रत्येक रेणूला आठ विषारी रेणू जोडून नवे औषध बनवले, ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन. यात प्रतिपिंड फक्त विषाचे वाहन असते. हर-2ला धरून ते पेशीत शिरते, विष सुटते आणि तिथून शेजारच्या पेशींतही झिरपते. त्यामुळे पेशीवर हर-2ची गर्दी नसली, थोडेसे जरी असले, तरी काम भागते. 2022 साली 557 रुग्णांच्या चाचणीत नेमक्या त्याच पट्ट्यातल्या रुग्णांना, 1+ आणि फिश-नकारार्थी 2+ वाल्यांना, हे औषध दिले गेले, जिथे ट्रास्टुझुमॅब नापास झाले होते. रोग थांबून राहण्याचा मध्यम काळ केमोवर 5.1 महिने होता, नव्या औषधावर 9.9 महिने. आयुर्मान 16.8 वरून 23.4 महिन्यांवर गेले. पण फुप्फुसांना सूज येण्याचे प्रकार सुमारे 12 टक्क्यांत झाले आणि त्यांतल्या काही रुग्णांचा त्यातच मृत्यू झाला, तेव्हा इथेही ते कोणाला द्यायचे हा प्रश्न संपत नाही. रेघ खाली सरकली, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांना हर-2शी संबंध असलेले म्हणावे लागले. जनुक तेच. औषध बदलले, म्हणून खुणेचा अर्थ बदलला. मोजपट्टीची कमजोरीही त्याबरोबर नव्या जागी उघडी पडली. ट्रास्टुझुमॅबच्या काळात 0 की 1+ याने काही फरक पडत नसे, म्हणून तो फरक बारकाईने पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. आता त्याच फरकावर औषध ठरू लागले. 2022 सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 पॅथॉलॉजिस्टांनी तेच काप पाहिले. 2+ आणि 3+ यांतला फरक करताना त्यांची एकवाक्यता 58 टक्के होती, 0 आणि 1+ यांतला फरक करताना फक्त 26 टक्के. ज्या कामासाठी मोजपट्टी बनलीच नव्हती ते तिच्याकडून करून घेतले, तर याहून वेगळे काय होणार?

या कहाणीचा भारताशी धागा फक्त पाढींचा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हर-2 होकारार्थी रुग्णांपैकी जेमतेम 8-9 टक्के जणींना हर-2वरचे औषध मिळाल्याचे नोंदले आहे, आणि पैशाचा अभाव हे त्याचे मुख्य कारण होते. तपासणीने रोग ओळखला, पण औषध परवडले नाही. रोश कंपनीने 2012 साली पुण्याच्या एम्क्युअरशी करार करून हेच औषध भारतात वेगळ्या नावाने स्वस्तात आणण्याचे जाहीर केले. 2013 साली सक्तीच्या परवान्याची चर्चा चालू असताना रोशने भारतातले पेटंट सोडून दिले. 2014 साली बंगळुरूच्या बायोकॉनने मायलनसोबत बनवलेली बायोसिमिलर आवृत्ती, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती प्रत, सुमारे 25 टक्के कमी दरात आणली, आणि त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात मोठी लढाई झाली. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ट्रास्टुझुमॅब आले. डिसेंबर 2017 मध्ये बायोकॉन-मायलनची आवृत्ती अमेरिकेत मंजूर झालेली पहिली ट्रास्टुझुमॅब बायोसिमिलर ठरली. 2024च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने डेरुक्स्टेकनवरची आयात जकात माफ केली. हा सगळा क्रम औषधाच्या किमतीचा आहे, आणि तो आवश्यकच होता. पण तपासणीबाबत अशी घडामोड फारशी दिसत नाही.

आपल्याकडे आधी औषध तरी पोहोचू दे, तपासणीचा काटेकोरपणा श्रीमंत देशांना परवडणारा, असे म्हणणारे अनेक आहेत. मला हे उलटे वाटते. ज्या देशात साधने अपुरी आहेत तिथे चुकीचा निकाल अधिक महाग पडतो. खोट्या होकाराने घरदार गहाण टाकून घेतलेले औषध वाया जाते, वर हृदयाची जोखीम पदरी पडते. खोट्या नकाराने त्या बाईला जगवू शकणारे औषध तिला कधीच दिले जात नाही. तालुक्याच्या गावी काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये उशिरा पडली, मेणात बसवताना हलगर्जी झाली, तर शहरातल्या उत्तम पॅथॉलॉजिस्टलाही पुसट कड्यावरून निर्णय द्यावा लागतो. 2+ निकाल आला आणि फिशचे पैसे नाहीत, तर त्या बाईचा निर्णय कुंपणावरच राहतो. औषधाच्या बाटलीवर किंमत छापलेली असते, म्हणून तिच्यासाठी न्यायालये, मंत्रालये आणि वर्तमानपत्रे कामाला लागतात. तपासणीच्या चुकीची किंमत कुठेच छापलेली नसते, त्यामुळे तिच्यासाठी कोणी उभे राहत नाही.

हर-2च्या चाळीस वर्षांतून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. जनुकाला औषधाचे लक्ष्य म्हणवून घ्यायचे असेल, तर त्यासोबत तीन गोष्टींचे उत्तर द्यावे लागते: त्या जनुकाचे नेमके काय मोजायचे, कोणत्या पट्टीने मोजायचे, आणि कोणत्या औषधासाठी रेघ कुठे मारायची. स्लेमन यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर 1987 साली दिले, दुसऱ्याचे 1989 साली द्यावे लागले, आणि तिसऱ्याचे उत्तर अजून बदलते आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीत ट्रास्टुझुमॅबला जागा देणाऱ्या सरकारने त्याच्या शेजारी हर-2च्या तपासणीलाही तितकेच मानाचे स्थान द्यायला हवे. गाठ किती वेळात फॉर्मलिनमध्ये पडली याची प्रत्येक रुग्णालयाने नोंद ठेवावी, प्रयोगशाळांचे निकाल ठरावीक काळाने एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि 2+ आलेल्या बाईची पुढची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. नव्या औषधाच्या तुलनेत हे काम स्वस्त आहे, आणि ते झाल्याशिवाय पुढचे प्रत्येक नवे औषध चुकीच्या हातांत पडत राहील.